कमानीला पैसे आहेत, पोरींच्या तासाला नाहीत

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. वय ३४, शिक्षण बारावी. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षभरात आमच्या वस्तीवर अठराच्या आतल्या तीन पोरी गरोदर राहिल्या. दोघींची लग्नं झालेली होती. तिसरी दहावीत होती. तिला रातोरात मामाच्या गावी नेलं, पुढं काय झालं ते कुणी बोलत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून म्हणाले की महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी आहे, आमच्या उत्पन्नावर तो साधारण ४२ हजार होतो, त्यातून पोरींसाठी शिकवणी चालू करू. वयात येताना काय होतं, लग्न कधी, मूल कधी, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. उपसरपंच हसून म्हणाले, "वहिनी, नको ते शिकवून पोरी बिघडवायच्यात का? त्यापेक्षा वेशीला कमान बांधू." सगळे हसले. घरी आल्यावर सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात या कामाला हेडच नाही, म्हणजे खर्च टाकायला खातंच नाही. शाळेतले सर म्हणतात विषय आहे, पण शिकवणार कोण. मला सांगा, पंचायतीचे पैसे अशा कामाला वापरता येतात का? शिकवल्यानं पोरी खरंच बिघडतात का? आणि एक लहान गोष्ट, मुलींच्या चहा-बिस्किटाचा खर्च दाखवला तर चालतो का?
— एक सदस्य, परभणी जिल्हा

येतात. पैसे वापरता येतात. हे आधी सांगून टाकते, कारण 'हेड नाही' या दोन शब्दांवर गावोगावचे निम्मे ठराव मरतात. (ग्रामसेवकांचं पद आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण गावात ते भाऊसाहेबच राहणार.) ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असा नियम आहे, आणि महिला-बालकल्याण हेच हेड आहे. त्याच हेडमधून तुमच्या पंचायतीनं गेल्या पाच वर्षांत काय काय घेतलं ते एकदा दप्तरातून काढून बघा. काय निघेल ते मी इथं बसून सांगते: अंगणवाडीच्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट, दोन शिलाई मशीन, ८ मार्चचा मंडप आणि साउंड.

खुर्चीचं बिल येतं. खुर्ची मोजता येते, तिच्यावर नाव रंगवता येतं, ऑडिटवाला आला की बोट दाखवता येतं. गावातल्याच एका बाईनं वर्षभर रोज संध्याकाळी तासभर पोरींना शिकवलं तर बोट कशाला दाखवायचं? म्हणून आपल्याकडं सरकारी पैसा वस्तूला चटकन सुटतो आणि माणसाच्या तासाला सुटता सुटत नाही. उपसरपंचांचा तुम्हाला राग आलाय, साहजिक आहे. पण ते नसते तरी तुम्हाला बहुतेक फ्लिपचार्ट आणि बॅनरच मिळाले असते.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या चुकीची आहे. मी नर्सबाई म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहायिका होऊन निवृत्त झाले. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी एक सासू सुनेला घेऊन आली. पाचवा महिना. मुलगी बाकावर बसली ती पाय हलवत. मी नोंदणीचं रजिस्टर उघडलं आणि वय विचारलं. मुलगी म्हणाली, "सोळा." सासूनं तिच्याकडं बघितलंही नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "एकोणीस लिहा, बाई." बाहेर आणखी तीस बायका उभ्या होत्या. मी एकोणीस लिहिलं. कार्ड भरून मुलीच्या हातात दिलं तेव्हा तिनं पिशवीतून कंपासपेटी काढली आणि कार्डाची बारीक घडी घालून पट्टी-कर्कटकाच्या शेजारी ठेवली.

तिचं हिमोग्लोबिन ६.८ निघालं होतं. वय खरं लिहिलं असतं तर ती त्याच दिवशी जोखमीच्या मातांच्या यादीत गेली असती, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला वेगळं बघितलं असतं. ती त्या यादीत गेली ती आठव्या महिन्यात, पायावर सूज घेऊन. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मूल १ किलो ७०० ग्रॅमचं. दोघं वाचली, यात माझं काही श्रेय नाही.

पण ही गोष्ट तुम्हाला रडगाणं म्हणून सांगत नाहीये. त्या वर्षीच्या आमच्या अहवालात १८ वर्षांखालच्या गर्भवतींच्या रकान्यात काय होतं माहीत आहे? शून्य. शेजारच्या उपकेंद्राचं शून्य, त्याच्या शेजारचंही शून्य. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी शून्यावर बोट ठेवून विचारलं, "मग किशोरींच्या कार्यक्रमाची इथं गरज काय?" आणि पुढच्या विषयाकडं वळले. त्या शून्यात माझा एक एकोणीस होता. पैसा आकड्याच्या मागून जातो, आणि आकडा आम्हीच पुसलेला होता.

घरोघर जाऊन सर्वेक्षण केलं की मात्र आकडा बाहेर येतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली एक तर आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी आणि बीडमध्ये हाच आकडा चाळीसच्या वर जातो. तुमचं गाव जगावेगळं नाही, एवढंच यावरून घ्या.

तेव्हा ग्रामसभेत जाण्याआधी तुम्हाला एक आकडा लागेल. बाळंतपणाच्या यादीतला मागू नका. आशाताई घाबरेल, आणि तिनं घाबरावं हेच बरोबर आहे, ती माहिती पोरींची आहे. त्यापेक्षा मुख्याध्यापकांकडं जा आणि विचारा: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुली होत्या, आणि त्यातल्या आज अकरावीत किती आहेत? नावं नकोत, फक्त दोन संख्या. समजा २३ आणि ९ आल्या. मधल्या चौदा जणी कुठं आहेत हे ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

सर म्हणाले विषय आहे, शिकवणार कोण. त्यांचं खरं आहे, आणि वरचा पैसा कुठं असतो तेही यातच आलं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून आहे, १० ते १९ वयासाठी. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस. त्यातून सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' निघाली. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात त्याची पाटी असेल. पाटीखालच्या खोलीला कुलूप आहे की माणूस, ते एकदा स्वतः जाऊन बघून या. शिवाय फेब्रुवारी २०२० पासून शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण घेतात आणि आठवड्याला एक तास घेतात, असं कागदावर आहे. तुमच्या सरांना विचारा, आपल्या शाळेतले ते दोघं कोण? बहुतेक ते स्वतःच निघतील. मग निवडणुकीची कामं, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांतून तो तास कसा काढायचा हे त्यांच्याशी भांडून नका विचारू, चहा घेत विचारा. आमच्या पिढीच्या शिक्षकांना २००७ चा चटका आहे. तेव्हा केंद्रानं शाळांमध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता, चित्रांचे तक्ते छापून आले होते. त्या चित्रांवरून आमदारांनी विधानसभेत आवाज उठवला आणि महाराष्ट्रानं कार्यक्रम थांबवला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात यांनीही तेच केलं. छापलेले तक्ते कपाटात गेले. ज्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं ते शिक्षक गप्प बसायला शिकले, आणि त्यांनी ते पुढच्यांनाही शिकवलं.

'शिकवलं की बिघडतात' हे उपसरपंचांचं म्हणणं मात्र थट्टेवारी नेऊ नका. तिथं बसलेल्या प्रत्येक आईच्या पोटात ती भीती असते, तुमच्याही असेल. त्यावर दोन गोष्टी माझ्याकडं आहेत.

पहिली परदेशातली आहे, ती लवकर उरकते. अमेरिकेत १९९६ च्या एका कायद्यानं वर्षाला ५ कोटी डॉलर सरकारी पैसा ठरवून दिला. अट अशी की मुलांना एवढंच शिकवायचं: लग्नाआधी नको. गर्भनिरोधकाबद्दल बोललं तर ते टिकत नाही, फाटतं, एवढंच बोलायचं. दहा वर्षांनी सरकारनंच तपासून घेतलं. ज्यांना हे धडे दिले आणि ज्यांना दिले नाहीत, त्या दोन्ही गटांत पहिल्या संबंधाचं सरासरी वय तेच निघालं, १४.९. अहवाल आला २००७ साली, म्हणजे आपल्याकडं तक्ते कपाटात गेले त्याच वर्षी. नुसतं 'नको' म्हणायला एवढा पैसा ओतून काही हललं नाही.

दुसरी आपल्या दाराशी घडलेली, आणि तुमच्या खऱ्या उपयोगाची. पैठण तालुक्यातलं पाचोड तुम्हाला ठाऊक असेल, परभणीहून फार लांब नाही. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आसपासच्या गावांत एक वर्ग चालवला. लग्न न झालेल्या मुलींसाठी, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवायला बाहेरून कुणी मॅडम आल्या नाहीत. गावातल्याच, जेमतेम सातवीच्या पुढं गेलेल्या बायकांना तयार केलं. विषय काय? पाळी आणि शरीर होतंच, पण त्याच्या जोडीला आहार, बाळाची काळजी, ग्रामपंचायत कशी चालते, आपलं म्हणणं कसं मांडायचं. सगळं मिळून सव्वादोनशे तास भरले. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतल्या मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. जिथं वर्ग नव्हता तिथं तसा फरक पडला नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, एकच वर्ष? हो. पण सोळा आणि सतरा यांत दहावी पास होणं बसतं. आणि पोरी बिघडल्या म्हणून कुणी वर्ग बंद पाडला नाही. का, याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं, रोज संध्याकाळी पोरगी कुठं जाते, कुणाच्या ओसरीवर बसते, कोण शिकवतं हे सगळं गावाच्या डोळ्यांसमोर होतं. एक दिवस जीपमधून उतरून चित्रं दाखवून निघून जाणाऱ्या माणसावर गाव विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता.

आता जरा ऊसतोडीकडं येऊ, कारण तुमच्या पत्रातली खरी गोम तिथं आहे. मुंबई-पुण्याकडं कुमारवयातलं गर्भारपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोबाइल आणि प्रेमप्रकरण येतं. तुमच्या तीनपैकी दोघींची लग्नं लावून दिलेली होती. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा पोरगा अर्धा कोयता. दसऱ्याच्या आधी घाईघाईनं लग्नं लागतात ती काही मुहूर्त चांगला म्हणून नाही. आणि जिचं लग्न लागत नाही ती आजीजवळ मागं राहते. आई सहा महिने फडावर, घरी म्हातारी, रस्त्यावर पोरं. आईला तिकडं झोप लागत नाही, पुढच्या वर्षी ती म्हणते, उजवून टाकू. या बाईला तुम्ही 'अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे' असं बॅनरवर वाचून दाखवलंत तर ती वाचेल आणि पुढं जाईल. तिला गावात हंगामी वसतिगृह चालू आहे, पोरगी रात्री तिथं सुरक्षित झोपते, तिथं दोन वेळचं जेवण मिळतं हे दिसलं पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजनाही आहे. म्हणून ठरावात वर्गाच्या बरोबरीनं एक ओळ हवीच: हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीनं वेळेत पाठवावा. तो पैसा तुमच्या बेचाळीस हजारांतला नाही, वरून येतो, फक्त मागणी वेळेवर जावी लागते. दिवाळीनंतर मागून उपयोग नाही, तोवर पोरी बैलगाडीवर चढलेल्या असतात.

तिसऱ्या मुलीबद्दल. तिला परत आणणं आता तुमच्या हातात नाही, पण अशी वेळ पुन्हा येईल, तेव्हा पुढचं माहीत असू द्या. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे कळलं की पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. याच भीतीनं लोक दवाखान्यात येत नाहीत आणि पोरी भलत्या हातांत पडतात. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की अशी मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं किंवा पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख उघड करायची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची मुभा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढं दोघांचं लागतं, आणि पालकांची लेखी संमती लागते. जितकं लवकर तितकं सोपं. हे तुम्ही गावभर लाउडस्पीकरवरून सांगायचं नाही. आशाताईला, अंगणवाडीच्या बाईंना आणि वर्ग घेणाऱ्या बाईला हे पाठ असलं पाहिजे, म्हणजे एखादी आई अंधार पडल्यावर दारात आली तर तिला मामाच्या गावाशिवाय दुसरी वाट दिसेल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही त्यांच्या फोनमध्ये असू द्या. आणि भाऊसाहेबांना एकदा हळूच आठवण करून द्या की गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कायद्यानं तेच आहेत. हेड नाही म्हणणारा माणूस त्यानंतर जरा ऐकून घेतो, असा माझा अनुभव.

मुलग्यांचं तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत. कुणीच लिहीत नाही. एवढ्या वर्षांत माझ्याकडं या विषयावर आलेल्या पत्रांत 'आमच्या पोराला काय शिकवू' असं विचारणारी पत्रं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणजे मूल जणू पोरी एकट्याच जन्माला घालतात. आरोग्य केंद्रातल्या पुरुष आरोग्य सेवकाला महिन्यातून दोनदा शाळेत बोलवा. त्याचा पगार सरकार देतंच, तुम्हाला खर्च नाही. पोरं पहिल्या दिवशी खिदळतील. चौथ्या दिवशी एक जण मागं थांबून काहीतरी विचारेल, तो तास वसूल.

संस्कृतीचा मुद्दा निघेल. निघू द्या, आणि मग त्यांना एक मराठी गोष्ट सांगा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तो कशावरून, तर वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. (हे सदर लिहिताना मला दर आठवड्याला त्यांची आठवण येते.) त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड भरावा लागला. पण बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षानं मुंबई विधानसभेत ठराव आणला की संततिनियमनाचा प्रचार आणि साधनं यांची सोय सरकारनं करावी. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण त्या दिवशी सभागृहात केलं त्यांचे सहकारी प्रभाकर रोहम यांनी. बाजूनं ११ मतं, विरोधात ५२. म्हणजे या कामाला सरकारनं पैसा द्यावा ही मागणी आपल्याकडं जुनी आहे आणि सभागृहात हसण्यावारी नेण्याची रीतही तितकीच जुनी आहे. १५ ऑगस्टला तुमच्या बाजूनं किती हात वर झाले होते?

आता ठरावाचं. तारीख २ ऑक्टोबरची धरा, २६ जानेवारीपर्यंत थांबू नका. तोवर गाव निम्मं रिकामं होतं आणि ज्या आयांसाठी हे करायचं त्याच सभेला नसतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती फक्त वहीत होते. तुम्ही खरी घ्या, वस्तीवर घ्या, संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर. आणि तिथं काही लपवू नका. ठरावाला नाव 'किशोरी वर्ग' द्या, 'लैंगिक शिक्षण' हा शब्द ठरावात घालून २००७ पुन्हा ओढवून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण आयांना मात्र सगळं उघड सांगा: पाळी शिकवणार, गर्भ कसा राहतो ते शिकवणार, राहू नये म्हणून काय असतं तेही शिकवणार, अंगाला कुणी हात लावला तर काय करायचं ते शिकवणार. कोण शिकवणार तेही त्यांनाच ठरवू द्या. आयांनी निवडलेली बाई असली की सासऱ्यांचं ताट आपोआप जागेवर येतं. तिथं ठराव झाला, सह्या झाल्या की तो ग्रामसभेत वाचायचा. उपसरपंचांना मग तुमच्यावर हसता येईल, पण चाळीस बायांच्या सह्यांवर हसणं जरा जड जातं.

बेचाळीस हजारांचा हिशेब मी असा मांडला असता. वर्ग घेणाऱ्या बाईला महिना अडीच हजार मानधन, बारा महिन्यांचे तीस हजार. उरले बारा. त्यातून वह्या, एक चांगला दिवा (वीज संध्याकाळीच जाते), बाईंचं प्रशिक्षणाला येणं-जाणं, आणि वर्षातून एक दिवस पोरींना तालुक्याला नेऊन बँक, पोस्ट, पोलीस ठाणं आणि ते मैत्री क्लिनिक दाखवून आणणं. मानधनावर भाऊसाहेब ऑडिटची शंका काढतीलच. तोंडी वाद घालू नका. गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज करून लेखी मार्गदर्शन मागा आणि पोचपावती घ्या. शिकवणाऱ्या बाईंच्या हजेरीची आणि मुलींच्या हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, खाली रोज सही. ऑडिटवाल्याला बोट दाखवायला तीच तुमची खुर्ची. आणि गरोदर माता, पाळी, कुणाची काय अडचण, यातलं एक अक्षरही त्या वहीत येऊ देऊ नका.

चहा-बिस्किटाचं विचारलंत. खर्च जरूर दाखवा, फक्त चहा नको. संध्याकाळी सहाला शाळेतून, शेतातून आलेल्या पोरी असतात, पोटात दुपारची भाकरी, आणि लोहाची गोळी घेतलेली असली तर चहानं ती पुरती अंगी लागत नाही. शेंगदाणे आणि गूळ ठेवा. किराणा दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर 'किशोरी वर्ग, अल्पोपाहार' असं लिहून घ्या आणि तारीख घालायला विसरू नका.